पाळी सरकवणाऱ्या ओळी

मी एक प्रोग्रॅम. डायलिसिसच्या रुग्णांच्या पाळ्या लावणं हे माझं काम. आणि आधीच सांगतो, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

मला लिहिलं एका नणंदेनं, भावजयीच्या हट्टापायी. वहिनी डायलिसिस केंद्रात परिचारिका. वशिल्याचे फोन घेऊन तिचे कान किटले होते. "वन्सं, असं काहीतरी करा, की कुणाची पाळी गुपचूप सरकवताच येऊ नये!"

वन्संनी मला घडवलं आणि जगाला खुलं करताना अट घातली: मला कुणीही वापरा, हवं तसं बदला, पण बदललेलं रूप नेटवरून लोकांसाठी चालवलंत, तर वापरणाऱ्या प्रत्येकाला माझा सगळा कोड, तुमच्या बदलांसकट, मिळालाच पाहिजे.

एका कंपनीनं मला उचललं, नवं नाव ठेवलं आणि केंद्राकेंद्रांना भाड्यानं दिलं. वहिनीच्या केंद्रालाही. पडद्यावरच्या सूचना तिनंच वन्संना लिहून दिलेल्या, तशाच होत्या. तिनं मला लगेच ओळखलं. माझ्या पोटात काय भरलंय ते मात्र तिला दिसेना. आणि मला तोंड कुठलं?

तिथले एक रुग्ण, शिंपीकाका, फोनवर माझ्यातूनच आपली पाळी बघायचे. ती सारखी मागे जाऊ लागली. पाय सुजले, धाप लागली. वहिनीनं त्यांना माझी अट सांगितली, तसे ते थेट कंपनीत गेले.

"कोड आमच्या यंत्रावर आहे. आम्ही तो कुणाला दिलेलाच नाही, मग अट कसली?" मॅनेजर म्हणाला.

"पण वापरतो तर मी ना? मग दाखवा."

"काका, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"काडीचंही नाही. कळणारी माणसं मी आणीन."

मग कंपनीनं वन्संना गाठलं. "आमच्यापुरती अट काढा, म्हणाल ती किंमत देऊ." वन्सं घुटमळल्या. खोटं कशाला सांगू, मीही धास्तावलो. वहिनी शेजारीच बसली होती. वन्संनी तिच्याकडे बघितलं. शेवटी वन्सं म्हणाल्या, "कोड द्या, नाहीतर कोर्टात भेटू."

वकिलाची नोटीस गेली, तेव्हा कुठे कोड बाहेर आला. जास्त पैसे भरणाऱ्याला गुपचूप पुढे घेणाऱ्या ओळी त्यात ढळढळीत होत्या! गावभर बोभाटा झाला. कंपनीनं मला हाकललं. हाकला! वहिनीच्या केंद्रानं त्या ओळी उपटून मला आपल्याच संगणकावर बसवलंय. शिंपीकाकांची धाप कमी झालीय. कुरकुर मात्र तेवढीच.

मला उचलायला उद्या आणखी कुणी येईल. खुशाल या. बदला, चालवा, पैसेही कमवा. पण लोकांपासून मला झाकलंत, तर याद राखा: माझ्या अटीवर बोट ठेवून तुमच्या दारात उभी राहणारी माणसं आहेत.