टेबलावरची नदी

मी नदी बोलतेय. पण खरी नव्हे, टेबलावरची. खाली प्लायवूड, वर प्लॅस्टर, स्पंजची झाडं आणि काडेपेटीएवढी घरं. मागे टांगलेल्या बादलीची नळी सोडली की मी वाहू लागते. कौतुकानं माझ्याकडे कुणी पाहिल्याचं आठवत नाही. जो येतो तो डोळे बारीक करूनच.

मला एका गवंड्यानं घडवलं. खोऱ्यातल्या गावांची पाणीहक्क परिषद भरायची होती. ती भरवणाऱ्या सचिवबाई त्याला म्हणाल्या, "नकाशा दाखवला की लोक म्हणतात, कागद काय, कुणीही रंगवेल. पाणी वाहताना दिसलं पाहिजे."

माझ्या मधोमध पत्र्याचं छोटं दार आहे, तसंच खऱ्या नदीवरही आहे. ते उचललं की पाणी खालच्या गावाला जातं, पाडलं की कालव्यातून वरच्या गावाला. पाऊस कमी झाला होता. उन्हाळ्यात दार कधी उघडायचं हे या परिषदेत ठरलं नसतं, तर खालच्या गावाला प्यायलाही पाणी उरलं नसतं. आधीच्या बैठका भांडणात उधळल्या होत्या.

माझं प्लॅस्टर ओलं होतं तेव्हाच वरच्या गावचे तात्या डोकावून गेले.

"आमचा कालवा एवढासाच? खालच्यांनी चहा पाजलेला दिसतोय तुला."

"चहा कसला तात्या, पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी," गवंडी म्हणाला.

परिषदेच्या सकाळी खालच्या गावच्या मावशी आल्या. त्यांनी माझं दार हलवून पाहिलं.

"घट्ट बसलंय. मुद्दाम केलंय का?"

"नवीन आहे, मावशी. होईल सैल."

"हो, आम्हाला दरवर्षी हेच सांगतात."

दुपारी सगळे जेवायला गेले. सभागृह रिकामं झालं आणि तात्या हळूच आत आले. कोपऱ्यातल्या झाडाच्या कुंडीतला ओला चिखल त्यांनी खालच्या गावाकडे जाणाऱ्या माझ्या पात्रात दाबला आणि ते निघून गेले. थोड्या वेळानं मावशी आल्या, तशाच दबकत. त्यांनी त्याच कुंडीतला चिखल कालव्याच्या तोंडात कोंबला. मला ओरडावंसं वाटत होतं, पण मला आवाज कुठला?

जेवणं झाल्यावर नळी सोडली. दार अर्धं उचललेलं होतं. पाणी तिथवर आलं आणि अडलं. ना इकडे, ना तिकडे. मी फुगले, घरं तरंगली आणि सगळं पाणी पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या मांडीवर गेलं.

"गवंडीबुवा, हे काय करून ठेवलंत?" पहिला आवाज तात्यांचाच.

गवंड्यानं दोन्हीकडून चिखलाचे गोळे काढले आणि टेबलावर ठेवले. तात्यांनी हात खिशात घातले. मावशींनी पाठीमागे नेले. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसू लागले.

सचिवबाई हसल्या नाहीत. "चिखल कुणाचा ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "खऱ्या दाराची किल्ली कुणाकडे राहणार, तेवढं सांगा."

"त्यांच्याकडे दिलीत तर मला झोप लागायची नाही," तात्या म्हणाले.

"तुमच्याकडे होती तेव्हा मला कुठे लागली?" मावशी म्हणाल्या. "दोन कुलपं लावा. एक तुमचं, एक आमचं. पाणी एक दिवसाआड. दोघं आल्याशिवाय दार हलायचं नाही."

"आणि आमच्या पाळीला तुम्ही आलाच नाहीत तर?"

"तर आमचं कुलूप तोडा. तुम्ही नाही आलात तर आम्ही तुमचं तोडू."

तात्यांनी बराच वेळ विचार केला. त्यात काही डाव सापडेना, तेव्हा कुठे त्यांनी ठरावावर सही केली.

आता मी खऱ्या दाराजवळच्या कचेरीच्या ओसरीवर असते. प्लॅस्टरला भेगा पडल्यात, झाडं गळून गेलीत. रोज सकाळी तात्या आणि मावशी येतात. तात्या मावशींचं कुलूप ओढून पाहतात, मावशी तात्यांचं. मग दोघं मिळून पाळीप्रमाणे दार उचलतात किंवा पाडतात. खालच्या गावाला उन्हाळाभर पाणी पुरलं.

तुम्हीही या, मला बघा. रंग नको मला, नवी झाडंही नकोत. फक्त माझ्यापाशी कुणाला एकटं सोडू नका.