मिरूसाठी न लागलेला हातदिवा

'नारू' हा गाणाऱ्या मुलींचा गट सोडून आणि सोल शहर मागे टाकून मिरू लॉस एंजेलिसला एकटीने गायला आली, तेव्हा तिच्या पदरात काय पडणार होतं ते आधी बघू या. पाच जणींत गाणं वाटून घेताना तिच्या वाट्याला एक ओळ यायची आणि मागून दोनदा 'ऊऽऽ' करायचं. आता अख्खं गाणं तिचं. फलकावर नाव एकटीचं. रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहून बोलणी खायला नकोत. आणि गेलं काय? गटाचं नाव, गटाची गाणी आणि मी. ही सगळी गट चालवणाऱ्या कंपनीची मालमत्ता.

मित्रांनो, मी नारूचा जुना हातदिवा. कार्यक्रमात चाहते उंच धरून हलवतात ना, तो. पांढरी मूठ, वर पारदर्शक गोळा आणि गोळ्यात इवलीशी होडी, कारण कोरियन भाषेत नारू म्हणजे होड्यांचा धक्का. आमच्याकडे प्रत्येक गटाचा दिवा वेगळा असतो. दुसऱ्याचा दिवा घेऊन जाणं म्हणजे एकाच्या लग्नात दुसऱ्याच्या नावाने मंगलाष्टकं म्हणणं. एका साच्यातून माझे हजारो भाऊ निघाले. रंगमंचामागे बसलेला माणूस कळ फिरवायचा आणि आम्ही सगळे एकदम केशरी व्हायचो, नाहीतर एकदम निळे. स्वतःचं मत असं आम्हाला नव्हतंच. चाहत्यांनाही ते फारसं नसतं, हे मला पुढे कळलं.

मला विकत घेतलं मिरूच्या आईने, सुकजाने. कोरियातल्याच तेगू शहराच्या बाजारात तिचं तोंडीलावण्यांचं दुकान होतं. शेजारची मासेवाली तिला डिवचायची, "तुझी लेक टीव्हीवर दिसते म्हणे! माझी पापणी लवली, तेवढ्यात तिची ओळ संपली."

"मग लववू नकोस पापणी," सुकजा म्हणायची. "मुळ्याचं लोणचं देऊ की नुसतंच बोलायला आलीस?"

एकदा अनेक गटांचा मिळून मोठा कार्यक्रम होता. नारूच्या मुलींनी एका वडीलधाऱ्या गायिकेला वाकून नमस्कार केला नाही, अशी अफवा उठली होती. त्यांचं गाणं सुरू झालं आणि मैदानातल्या सगळ्यांनी बटणं दाबून आपापले दिवे विझवले. ओरडा नाही, शिव्या नाहीत, नुसता काळोख. आमच्या जगात माणसाला वाळीत टाकायची हीच रीत आहे. नारूचे चाहतेही घाबरून गेले. पेटलेला होतो एकटा मी, सुकजाच्या मुठीत. आजूबाजूच्या मुली तिच्याकडे रागाने बघत होत्या आणि ती मला आणखी उंच धरत होती. मिरू नंतर म्हणाली, "आई, तुझ्या दिव्याकडे बघूनच पुरं केलं गाणं." माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर एवढंच.

पुढे सुकजाचे गुडघे गेले. मिरू अमेरिकेला निघाली तेव्हा सुकजाची लॉस एंजेलिसला राहणारी धाकटी बहीण माहेरी आली होती, 'सुकही' तिचं नाव. सुकजाने मला तिच्या हातात दिलं. "तू तिथे आहेस. तिच्यापुढे अंधार पडू देऊ नकोस."

सुकही मावशीचं कपडे धुण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान. टाचण्या लावलेल्या पँटींशेजारी एका खिळ्याला मी लटकत राहिलो. मागे इस्त्रीच्या वाफेत मिरू गाण्याची तयारी करायची. एकटीच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"मावशी, हा अजून चालतो?"

"चालतो म्हणजे? कालच बॅटरी बदलली. माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त लाड याचे."

"उद्या आण हं," मिरू म्हणाली. "उद्या जमलं तर गाणार. नाही जमलं, तर गाणं पुरे झालं मला."

कार्यक्रम एका जुन्या चित्रपटगृहात होता. दारात चाहत्यांची म्होरकी मारिसोल उभी होती. पोरगी मायाळू, पण नियमांची भारी हौस. तिने मला पाहिलं.

"आजी, हा जुन्या कंपनीचा दिवा ना? आम्हीही सगळ्यांनी हाच आणलाय. हातात धरा, पण लावू नका हं. आमचं सगळ्यांचं ठरलंय. तो रंग बघून मिरूताईला जुनं आठवेल, वाईट वाटेल."

"आजी असेल तुझी! मी तिची मावशी आहे."

"मग तर तुम्ही आमच्याआधी पाळायला हवं, मावशी!"

मावशी ओशाळली. एवढ्या मुलांना रीत कळते आणि आपल्याला कळत नाही, असं तिला वाटलं असावं.

पडदा वर गेला. मिरूने पहिली ओळ घेतली आणि समोर पाहिलं. प्रत्येकाच्या हातात दिवा आणि एकही लागलेला नाही. मान म्हणून सगळे गप्पसुद्धा. मिरूच्या डोळ्यांना या दृश्याचा एकच अर्थ माहीत होता. तिने मावशीला शोधलं. मावशीचा अंगठा माझ्या बटणावर होता. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मित्रांनो, माझ्या पोटात नवी बॅटरी होती, पण अंगठा माझा नव्हता.

मिरू गाता गाता थांबली. तिने माइक खाली ठेवला, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. "चुकले मी," ती म्हणाली. "चौघींना सोडून यायला नको होतं. आता नाही गाणार."

मग एकच ओरडा झाला. "नाही, नाही!" म्हणत सगळ्यांनी दिवे लावले, मीही लागलो. पण ती खाली मान घालूनच उठली आणि तशीच आत गेली.

कुणीतरी फोनवर टिपलेला तेवढा तुकडा सकाळपर्यंत जगभर फिरला. 'तिचा पश्चात्ताप आम्ही स्वीकारतो,' असं कंपनीने नम्रपणे जाहीर केलं. मारिसोल रडत दुकानात आली. "ताई, आम्ही मानाने बंद ठेवले होते हो! परत गा ना."

"माहीत आहे गं," मिरूनेच तिचे डोळे पुसले. "अंधार खोटा होता. पण मी हिंमत हरून गुडघे टेकले, ते खरं होतं."

तेगूहून मावशीला सुकजाचा फोन आला. "दिवा का नाही लावलास?"

"सगळे म्हणाले बंद ठेवा, ताई."

"सगळ्यांची भाची होती का ती?"

मिरू आता आईच्या दुकानात मुळा चिरते. गुणगुणतसुद्धा नाही, असं आई सांगते. मावशी मात्र अजून माझी बॅटरी बदलते. माझी आबाळ झाली, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवू नका, लावा. माया आहे ती समोरच्याला आपोआप कळेल, या भरवशावर राहू नका. शेजारी काय म्हणतील ते मागाहून बघता येतं.

तर कुणाचं काय झालं? मारिसोलच्या मंडळींना रीत पाळल्याचं समाधान मिळालं, घटकाभर का होईना. कंपनीला न मागता माफी मिळाली. सुकही मावशी चार लोकांत वेगळी दिसायची वाचली. किंमत मोजली ती एकट्या मिरूने, आणि तीही मारिसोलचे डोळे पुसत.