जोडीचे व्हॉल्व्ह

माणूस किती भार उचलतो आणि किती नुसता उजेड पाडतो, एवढंच कचरू ओव्हाळ बघायचे. तीस वर्षं येरवड्यात लाउडस्पीकर भाड्याने दिल्यावर दुसरं काय बघणार? ट्रान्झिस्टरवर चालणारे अँप्लिफायरचे डबे आले आणि धंदा बसला. उरली पत्र्याची ट्रंक, तिच्यात जुन्या रेडिओत असायचे तसे दीडशे काचेचे व्हॉल्व्ह, आणि त्या ट्रंकेची जागा धान्याच्या कोठीसाठी हेरून ठेवलेल्या पत्नी नंदाबाई.

रविवारी दुपारी दोनला दारात रिक्षा थांबली. जीन्स घातलेली, खांद्याला गिटार अडकवलेली एक मुलगी उतरली. रिक्षावाल्याला हाताशी धरून तिने एक काळी, कोपरे झिजलेली पेटी घरात आणली.

"ओव्हाळकाका आपणच ना? मी पूर्वा, सदाशिव पेठेतून आले. बुधवार पेठेतल्या सहा दुकानदारांनी मला वाटेला लावलं. सातवा म्हणाला, येरवड्याला ओव्हाळांकडे बघा, तिथे नसेल तर मग देवाकडेच."

"देव आमच्या घरात नाही, ताई," कचरू म्हणाले. "व्हॉल्व्ह आहेत."

पूर्वा सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि कंपनीच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायची. आज पाचला कल्याणीनगरात कंपन्यांच्या बँडची स्पर्धा. हा विलायती व्हॉल्व्हचा अँप्लिफायर तिने कॅम्पातल्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून घेतला होता, आपली स्कूटर विकून. काल सरावात त्याच्यातला एक मोठा व्हॉल्व्ह निळा चमकला आणि गेला.

"आमच्या बँडमधला दिग्विजय म्हणतो, माझा ट्रान्झिस्टरचा डबा घे, ऐकणाऱ्याला काय फरक कळतो!"

"आणि तुम्हाला कळतो?"

"काका, त्या डब्यातून माझा बास म्हणजे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी कपाट सरकवतंय. आज हा वाजला नाही, तर स्कूटर गेली ती गेलीच, वर वर्षभर दिग्विजयचं ऐकायचं."

कचरूंना मुलगी आवडली. त्यांनी ऐटीत ट्रंक उघडली आणि जागेवर थिजले. सगळे व्हॉल्व्ह आरशासारखे लखलखीत. एकाच्याही काचेवर नंबर नाही.

"बुद्धपौर्णिमेला पुसले," नंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ओल्या फडक्यानं, एकेक. माझी पाठ गेली, तुमचं काय?"

काचेवरची छपाई बोट लागलं तरी उडते, तिथे ओलं फडकं! पूर्वा मटकन स्टुलावर बसली. कचरू मात्र हसायलाच लागले. त्यांनी एक व्हॉल्व्ह उलटा केला. खालच्या काळ्या बुडावर सुईने कोरलं होतं: बाबुराव. दुसऱ्यावर: मालनबाई.

"हे काय?"

"जोडी. मोठे व्हॉल्व्ह दोघं मिळून काम करतात. एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने. दोघांचा करंट सारखा हवा, नाहीतर एक तापून लाल आणि दुसरा आरामात. दुसऱ्या स्पीकरवाल्यांना उसने दिले की ते बदलून परत द्यायचे, म्हणून नावं कोरली. आता नुसते नंबर कुठे लक्षात राहतात? वस्तीतली जोडपी राहतात."

"आणि जोडपी ठरवली कशी?" नंदाबाई हात पुसत बाहेर आल्या.

"मीटर बघून."

बाबुराव-मालनबाई बसवले. मीटरवर मालनबाई साठ, बाबुराव वीस. बघता बघता मालनबाईंच्या काचेआडची प्लेट लालबुंद झाली. कचरूंनी झडप घालून स्विच बंद केला.

"अजून तसंच आहे त्यांच्याकडे," नंदाबाई म्हणाल्या.

गेनबा-मुक्ताई मीटरवर अगदी बरोबरीत. पूर्वाने तार छेडली आणि पेटीतून कढईत मोहरी पडल्यासारखी तडतड आली.

"बोलतात फार," कचरूंनी तेही काढले. घड्याळात साडेतीन झाले होते.

"काका, अजून?"

कचरूंनी ट्रंकेकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग नंदाबाईंकडे चोरून. ते उठले. कपाटातल्या कोटाच्या मागून त्यांनी चहाचा डबा काढला; आत कापसात गुंडाळलेले दोन व्हॉल्व्ह. नंदाबाई पुढे झाल्या आणि पहिला व्हॉल्व्ह त्यांनीच उलटा केला. वाचला. दुसराही वाचला.

"अहो, हे कधीचं?"

"अठ्ठ्याहत्तरची भीमजयंती. रात्रभर वाजले, एकदा कुरकुरले नाहीत. त्यानंतर पुन्हा वापरले नाहीत."

"आणि आता द्यायला निघालात?"

"तू ठरव. अर्धा माल तुझा."

नंदाबाईंनी पूर्वाकडे पाहिलं. पोरगी देवळात असल्यासारखी हात जोडून उभी होती, ओव्हाळांच्या घरात. "बसवा," त्या म्हणाल्या. "कापसात ठेवून काय लोणचं घालायचंय?"

दोन्ही व्हॉल्व्ह केशरी उजळले. कचरूंनी श्वास धरून मीटर लावला. अडतीस. दुसरीकडे अडतीस.

पूर्वाने सर्वांत जाड तार ओढली. आवाज कानात नाही, आधी तळपायात आला. मांडणीवरच्या ताटल्या एका सुरात किणकिणल्या, ट्रंकेचं झाकण थरथरलं, शेजारचा दशरथ "गॅस फुटला का?" म्हणत चप्पल न घालता धावत आला. पूर्वा ओरडली, "काका!" आणि तिने तीच तार पुन्हा ओढली.

चार वाजता पेटी रिक्षात चढली. पूर्वा बसली, पेटी धरायला कचरू बसले, आणि पदर खोचून नंदाबाईही चढल्या.

"तू कुठे?"

"माझा व्हॉल्व्ह चाललाय. तो गेला, तर तुम्ही मलाच म्हणाल, न पुसताच बिघडवलास."

पाचला दिग्विजय आपला डबा घेऊन स्टेजच्या कडेला तयारच होता. पूर्वाने त्याला हाताने बाजूला सारलं आणि तार ओढली. पहिल्या रांगेतले साहेब खुर्चीचे हात धरून सरळ बसले. दिग्विजयने आपला डबा पायाने हळूच पडद्यामागे ढकलला.

नंदाबाई अँप्लिफायरच्या मागे वाकून जाळीतून बघत होत्या. दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच पेटले होते, आणि नावं खाली सॉकेटमध्ये गडप.

"अहो, यातली मी कुठली?" त्या गोंगाटात ओरडल्या.

"आता नाही सांगता येत!"

"उजवीकडची मीच," त्या म्हणाल्या. "डावा नुसता उजेड पाडतोय."