उलट्या लेन्सने पाहिलेले आठ डोळे

मी एक लेन्स बोलतेय, जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याची. दिसायला काय, काळी डबी आणि आत काचा. पण मी जे पाहिलंय ते सांगायला लागले की माझं मलाच खरं वाटत नाही.

रिळांचे दिवस संपले, तशी मी लखनौच्या नक्खास बाजारात जुन्या घड्याळांच्या ढिगात येऊन पडले. तिथून सिद्धेशने मला उचललं. मूळचा साताऱ्याचा, लखनौतच मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत नोकरीला. घरी आणून त्याने मला नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवलं, तेही उलटं! तोंड आत, पाठ बाहेर. मला वाटलं, याला काही कळत नाही. पण उलटी बसले आणि मुंगी मला मांजराएवढी दिसायला लागली.

त्याला वेड कोळ्यांचं. बायको प्रणिता म्हणायची, "अहो, लोक बायकामुलांचे फोटो काढतात."

"तुम्ही हलता गं. कोळी बघ कसा गुमान बसतो."

२०१२ सालच्या श्रावणात सिद्धेश कामासाठी बाहेरगावी होता. एके सकाळी त्यांच्या चार वर्षांच्या जुईच्या मानेवर लाल पट्टा उठला, वर पाण्याचे बारीक फोड. "आई, जल रहा है," म्हणून पोर रडत होती. शेजारच्या सरोज भाभींनी पाहिलं मात्र, म्हणाल्या, "मकड़ी मूत गई है, बहू. आँख तक फैल गया तो? पहले घर की सारी मकड़ियाँ मार."

खिडकीच्या जाळीवर एक कोळी होताच, तुरीच्या डाळीएवढा. प्रणिताने झाडू उचलला आणि थबकली. कुठला कोळी, असं डॉक्टरांनी विचारलं तर? तिने सिद्धेशला फोन लावला.

"फोटो काढून दाखवते डॉक्टरांना. कसा काढू?"

"नीट दिसावं म्हणून लेन्स फिरवू नकोस. तूच हळूहळू पुढे हो. दिसला की श्वास रोखून बटण दाब."

"अंगावर आला तर?"

"तोच घाबरेल तुला."

ती पुढे झाली. अजून अंतर जास्त होतं, म्हणून माझ्यासमोर नुसतं धुकं. जाळीला कोपर टेकून ती आणखी सरकली आणि धुक्यातून तो वर आला. आई गं! कपाळावर केसांची पांढरी झालर. पुढे चार डोळे, बाकीचे डोक्यावर. मधले दोन मोठे, काळेभोर, ओले असल्यासारखे. त्याने मान वळवून सरळ तिच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत खिडकी होती, खिडकीत ती होती, एवढीशी. मी कितीतरी लग्नं, बारशी पाहिलीत. असं बघणारं कुणी पाहिलं नव्हतं. प्रणिता बटण दाबायचंच विसरली. मग दाबलं.

भाभींकडे घराची किल्ली देऊन ती जुईला कडेवर आणि मला गळ्यात घेऊन दवाखान्यात धावली. डॉक्टरीणबाईंनी फोटो पाहिला, मान पाहिली. "मकड़ी ने कुछ नहीं किया. बरसात में ट्यूबलाइट पर एक लाल-काला कीड़ा आता है. चमड़ी पर मसल दो, तो उसका रस जलाता है. ठीक हो जाएगी."

प्रणिताने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "कल शाम इसकी गर्दन पर कीड़ा था. मैंने ही अँगूठे से मसला था."

"अब से फूँक मारकर उड़ाना," बाई म्हणाल्या.

घरी येते तो काय, भाभी स्टुलावर उभ्या, झाडू खिडकीवर उगारलेला.

"भाभी, रुकिए! इसने कुछ नहीं किया. मैंने किया!"

"पगला गई है क्या?"

प्रणिताने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला. भाभी बघतच राहिल्या. झाडू कधी खाली आला त्यांनाही कळलं नाही.

"हाय राम," त्या म्हणाल्या, "ये तो हमको देख रही है!"

जुईची मान भरून आली. कोळी खिडकीवरच राहिला.

आता माझ्या काचांत बुरशी शिरलीय. फोटो सगळे फोनवरच काढतात. मला पुढे फारसं दिसायचं नाही, त्याचं वाईटही वाटत नाही. तुमचे डोळे मात्र अजून लख्ख आहेत. हात उगारण्याआधी जरा जवळ जा. तो तुमच्याकडे कधीचा बघतोय.