डोळे बांधून पारख

सासऱ्यांना ऐकू येत नाही, हे संघमित्राला घरात सगळ्यांच्या आधी कळलं, आणि तेही तीन वर्षांच्या आम्रपालीमुळे. पोर रोज सकाळी आजोबांच्या मांडीवर बसायची, पाठ त्यांच्या पोटाला टेकवून आणि तोंड अंगणाकडे करून. मग कावळा काय म्हणाला, मुंगीची चप्पल कुठं हरवली, असलं सगळं सांगत सुटायची. पुनाराम वरून 'हौ, हौ' करत राहायचे. मुंगीला चप्पल सापडली का, याला 'हौ', आणि आबाजी, मला सू आली, यालाही 'हौ'. हळूहळू पोरीनं सांगणंच सोडलं. मांडीवर बसायची, पण मुकाट. एक दिवस संघमित्राच्या गळ्यात पडून म्हणाली, "आबाजी माझं ऐकतच नाही."

तिनं लक्ष ठेवलं. समोरून बोललं की बाबा टकाटक उत्तर देतात. पाठमोरं बोललं की हसतात, नाहीतर 'हौ' म्हणतात. मग तिला उमगलं. बत्तीस वर्षं लालबर्र्याच्या राइस मिलीत मिस्त्री होता हा माणूस. मिलीत मशीन सुरू झालं की बोंबलूनही ऐकू जात नाही, तिथं लोक हातवाऱ्यांनी आणि ओठांवरून बोलतात. बाबा घरातही तेच करत होते. तोंड दिसलं की त्यांना सगळं 'ऐकू' यायचं. म्हणून तर कुणाला पत्ता लागला नव्हता.

तिनं एकदा हळूच विषय काढला. "बाबा, एकडाव गोंदियाले कान दाखवून येऊ का?"

"माह्ये कान?" पुनाराम असे दचकले, जणू कुणी त्यांच्या मिशीला हात घातला. "अवो बेटा, मशीनचा पट्टा सैल झाला तर मी आवाजावरून सांगत होतो. मालक घरून बोलावून नेत होता मले. कान दाखवतो म्हणे!"

नवऱ्याला सांगितलं, तर सुखराम परसवाड्याच्या शाळेच्या वह्या तपासता तपासता म्हणाला, "तुझं काहीतरीच. काल अर्धा घंटा बोलले माझ्याशी." समोरासमोर बसून बोलले असणार, संघमित्रा मनात म्हणाली. पण पोरीचं ते मुकं बसणं तिला दिवसभर टोचायचं. आजा आणि नात एकाच मांडीवर, आणि मध्ये बोलणं नाही. हे असंच राहिलं तर पोर आजोबांना विसरून जाईल, समोर असताना विसरून जाईल.

अशात धाकटा दीर नागसेन पुण्याहून चार दिवसांच्या सुट्टीवर आला. आला तो गळ्यात भलेमोठे काळे हेडफोन अडकवून.

"हे काय घातलं रे गळ्यात? बैलाचं जू का?" सासूबाई रुख्माबाईंनी पाण्याचा तांब्या देतादेताच विचारलं.

"आई, हेडफोन होय. वायरलेस. कंपनीचा आहे. अठ्ठावीस हजार."

तांब्या रुख्माबाईंच्या हातातच राहिला. "अठ्ठावीस? बापा! त्यात तर कूलर आला असता, मिक्सर आला असता, अन् वरून एक दिवाण आला असता!"

"दिवाणात गाणं वाजते का?"

"निदान झोपता तरी येते त्याच्यावर!"

संघमित्रा पोळ्या लाटता लाटता हसली. तिच्याकडेही एक हेडफोन होता, बालाघाटच्या मेन रोडवरून नऊशे रुपयांना घेतलेला, तसाच मोठा, तसाच काळा. ती नागसेनला म्हणाली, "भाऊजी, माझाबी वाजतेच की. नावाचेच पैसे देता तुमी लोक."

"वहिनी, नाव नाही, चीज आहे चीज! हे लावलं ना, बाहेरचा आवाज खाऊन टाकते. समोरून ट्रक गेला तरी समजत नाही."

"आवाज बंद करासाठी अठ्ठावीस हजार?" रुख्माबाई म्हणाल्या. "मले सांगितलं असतं, तर मी फुकटात दरवाजा लावून दिला असता."

"आई, यात बारीक बारीक वाद्यं ऐकू येतात. तबल्यावर बोट घासलेलं ऐकू येते!"

"बोट घासलेलं ऐकून का करतं तू?"

वाद असा रंगला की पोळ्या करपायची वेळ आली. नागसेन म्हणे, साधा तांदूळ आणि चिन्नोर यांत फरक नसतो का? मग चिन्नोरला लोक जास्त पैसे काहून देतात? संघमित्रा म्हणे, चिन्नोर शिजला की शेजारच्या घरी वास जातो, तुमच्या कानावरच्या डब्यातून शेजारी काय जाते? नागसेननं गळ्यातला हेडफोन नीट केला. मग म्हणाला, "मान भेटते शेजाऱ्यात. पाहणाऱ्याले समजते, पोरगा काहीतरी करून राह्यला."

"मंग तसं बोला ना. कानासाठी नाही, डोयासाठी घेतला."

उघड्या दारातून ओठांवर चिन्नोरचं नाव दिसलं तसे अंगणातल्या खाटेवरचे पुनाराम उठून आत आले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं पाहिली आणि वाद काय आहे ते झटक्यात पकडलं. तांदळाच्या पारखीत त्यांचा हात धरणारा वॉर्डात कुणी नव्हता. लग्नाकार्यात लोक त्यांच्या डोळ्यांना गमछा बांधायचे, कच्चा दाणा दाताखाली द्यायचे, आणि ते सांगायचे, हा चिन्नोर, हा भेसळीचा, हा दोन सालं जुना. आजवर चूक नाही.

"भांडता काहून?" ते म्हणाले. "पारख करून टाकू. कोणती बी चीज असो, पारख डोये बांधून करा लागते. डोये उघडे असले का नाव दिसते, अन् नाव दिसलं का जीभ खोटं बोलते. आना दोन्ही डब्बे. मी सांगतो कोणता भारी."

नागसेननं टाळी वाजवली. रुख्माबाईंनी गमछा आणला. संघमित्राचा हात मात्र पिठातच थांबला. बाबांच्या ध्यानात आलंच नाही की डोळे बांधले तर ओठ कसे दिसतील. मिस्त्रीला स्वतःची पारख तेवढी आठवली, स्वतःचं गुपित नाही. ती एकदम म्हणाली, "राहू द्या ना बाबा, जेवून घ्या आधी." पण ती पोळपाटाकडे पाहत म्हणाली, म्हणून ते त्यांना पोचलंच नाही.

खाट दारात ओढली. पुनाराम मांडी घालून बसले, गमछा बांधला, मिशीवरून हात फिरवला. नागसेननं आधी आपला भारीचा हेडफोन लावला आणि गाणं सुरू केलं. पुनारामांनी बोट वर केलं. वाढव. नागसेननं वाढवलं. पुन्हा बोट वर. पुन्हा. शेवटी फोनवरची रेघ अगदी टोकाला गेली तेव्हा कुठं त्यांची मान डोलायला लागली.

"एवढ्या आवाजात तर माह्ये कान फुटले असते," नागसेन पुटपुटला.

मग नऊशेचा लावला. तोही टोकाला. त्यातून आवाज असा बाहेर सांडत होता की आम्रपालीनं चार हात लांबून कान झाकले. रुख्माबाई हसत होत्या, त्या हळूहळू थांबल्या.

नागसेननं हेडफोन काढून घेतला. "हां, बोला बाबा. कोणता भारी?"

पुनाराम हनुवटी वर करून, मंद हसत बसले होते.

"बाबा? पयला का दुसरा?"

काही नाही.

"अवो, सांगा ना!" रुख्माबाई.

डोळ्यांवर गमछा, ओठांवर हसू, आणि तो माणूस तसाच वाट पाहत बसलेला. अंगणात चिमण्या भांडत होत्या. रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला. थोड्या वेळानं पुनाराम मोठ्यानं म्हणाले, "का झालं? तिसरा बी हाय का?"

नागसेननं वहिनीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. रुख्माबाईंनी पदर तोंडाशी नेला.

संघमित्रा उठली. हात पुसले, सासऱ्यांसमोर जमिनीवर बसली आणि गमछ्याची गाठ सोडली. पुनारामांनी डोळे किलकिले केले. एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली, आणि त्यांना कळलं की मघाशी कुणीतरी विचारलं होतं.

त्यांनी गमछा खांद्यावर टाकला.

"चार सालं झाले," ते म्हणाले. "आधी उजवा गेला, मंग डावा. मिलीत ओठच वाचले जलमभर, घरीबी चालून गेलं."

"म्हंजे चार सालापासून मी चुलीपाशी बसून जे बोलून राह्यली, ते कोणालेच ऐकू नाई आलं?" रुख्माबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"ते बरंच झालं म्हन."

नागसेनला हसू फुटलं आणि पाठोपाठ रुख्माबाईंनाही. पुनारामांनी त्याच्याकडे बोट केलं. "अन् तुझा निकाल देतो. तुझ्या डब्ब्याची गादी मऊ हाय, कान तापत नाही. सूनबाईचा चावते. गाण्याचं मले इचारू नको."

"बाबा," संघमित्रा म्हणाली, ओठ नीट दिसतील असं, सावकाश, "आता चला गोंदियाले."

"नाही बापा. कानात मशीन घातली का चौकातले लोक म्हणते, आला बहिरा."

"अन् भाऊजी कानावर पाव किलोचा डब्बा बांधून फिरते, त्याहीले काय म्हणते?"

"तो शौक होय."

"त्याहीले ऐकायचं आहे म्हणून कानाले काही लावलं तर शौक, अन् तुमाले ऐकायचं आहे म्हणून लावलं तर लाज? पारखी माणूस तुमी. हे कोणत्या मिलीतलं माप होय?"

तिनं आणखी एकच वाक्य जोडलं. "आम्रपाली म्हणते, आबाजी माझं ऐकत नाही."

हे मात्र त्यांनी तिला पुन्हा म्हणायला लावून तिच्या ओठांवर दोनदा वाचलं. खाटेच्या पायाशी पोर हेडफोनच्या गादीला गाल लावून बसली होती. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शौकाची चीज माणूस लपवत नाही," ते म्हणाले. "घ्यायची तर दिसली पायजे."

नागसेनची सुट्टी संपायच्या आत गोंदियाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत काचेच्या खोलीत बसवून, हातात बटण देऊन तपासणी. दुसरीत मशीन. तिथल्या मंजू मॅडमनं कातडीच्या रंगाचं, कानात बुडून जाणारं यंत्र पुढं ठेवलं. "काका, हे कुणाला दिसणारसुद्धा नाही."

"मंग का फायदा?" पुनाराम म्हणाले. "ते निळं दाखवा. चमकदार."

मंजू मॅडम म्हणाल्या, असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. निळ्या यंत्रांचा जोड कानांमागे बसला. पहिल्यांदा तो सुरू झाला तेव्हा पुनाराम दचकून छताकडे पाहू लागले. पंखा इतका बोलतो हे ते विसरूनच गेले होते.

परतीच्या बसमध्ये नागसेन मागच्या सीटवर गळ्यात आपला हेडफोन अडकवून बसला होता, पण गाणं लावलं नव्हतं. राजेगावला बस थांबली. आम्रपाली आजोबांच्या मांडीवर, तोंड खिडकीकडे. बाहेर एक बकरी पेरूच्या टोपलीत तोंड घालत होती. पोरीनं सवयीनं, काही अपेक्षा न ठेवता, काचेलाच सांगावं तसं हळू सुरू केलं. बकरीची आई बाजारात गेली, बकरीला चष्मा पाहिजे होता, पण चष्म्यात पाणी होतं, म्हणून मग पाऊस रुसला.

"चष्म्यात पाणी कोणं टाकलं?" पुनारामांनी विचारलं.

पोर गर्रकन वळली. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग निळ्या कानांकडे, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून, आणखीच हळू, मुद्दाम म्हणाली, "बेडकानं."

"काहून?"

मग जी गोष्ट सुरू झाली ती बालाघाट आलं तरी संपली नाही. बेडूक, मामा, शाळेची घंटी, एक डॉक्टर शेपटी विकणारा. संघमित्रा पलीकडच्या सीटवर बसून दोघांकडे पाहत होती. पुनारामांनी मध्येच तिच्याकडे वळून, घाम पुसत सांगितलं, "बेटा, अक्षर न् अक्षर ऐकू येऊन राह्यलं. पण समजत काहीच नाही."

आणि लगेच पोरीकडे वाकून म्हणाले, "मंग? शेपटी केवढ्याले देल्ली त्यानं?"