उधाणाच्या वाटेतला मुक्काम

मुक्कामाची जागा शोधावी तर सिद्धूनं, असं सगळा वाडा म्हणायचा. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. आटपाडीच्या माळावरची ही चार धनगर घरं, त्यांची मेंढरं, घोड्यांवर लादलेली बिऱ्हाडं आणि मागंपुढं पळणारा खंड्या कुत्रा, एवढ्या सगळ्याला मिळून वाडा. दिवाळी झाली की गावाकडचा चारा संपायचा आणि वाडा कोकणाच्या वाटेला लागायचा. विटा मागं टाकायचा, कराडला कृष्णा ओलांडायची, मलकापूरच्या रानात एक मुक्काम ठोकायचा, पुढं पाटणवरून कुंभार्लीचा घाट उतरायचा. रोज नवं गाव, रोज नवी जागा. पण सिद्धूनं जागेसाठी कुणापुढं हात जोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. उलट शेतकरीच त्याला आडवे यायचे, "मामा, आमच्या वावरात बसवा की मेंढरं!" मेंढरं एक रात्र बसली की वावराला वर्षाचं खत मिळतं, आणि बसवणाऱ्याला वर पोतंभर भात.

सिद्धूची रीत ठरलेली होती. गाव दिसलं की आधी देऊळ गाठायचं. देवळात कीर्तन, भजन काही चालू असलं तर खांबाला टेकून घोंगडं मांडीवर घ्यायचं आणि ऐकत बसायचं.

"जिथं कीर्तन हुतं, तिथं मानूस बरा," तो म्हणायचा. "आनि जिथं मानूस बरा, तिथं जागा मिळतीयाच."

बायको हरणाबाई म्हणायची, "जागा मिळती, पर तुमी देवळातनं हलत न्हाई. घोड्यावरचं वझं कुनी उतरायचं?"

"अगं, कीर्तनातनं मधीच कसं उठायचं? बुवा देवाला बोलवत्यात, देव यायच्या वक्ताला आपुन पाठ दावायची व्हय?"

हे मात्र तो अगदी मनापासून म्हणायचा. पायाला मुंग्या येवोत, पोटात कावळे ओरडोत, आरती होईपर्यंत सिद्धू जागचा हलत नसे. एकदा कोरेगावच्या बाजारात मेंढी सुटून पळाली तरी हा तिथल्या देवळात शेवटच्या गजरापर्यंत बसून राहिला होता. मेंढी नंतर सापडली, हे तो देवाच्या नावावर मांडायचा आणि हरणाबाई अर्जुनाच्या. अर्जुना म्हणजे सिद्धूचा धाकटा भाऊ, तोच मेंढीमागं अर्धा कोस धावला होता.

तर चौसष्ट-पासष्टच्या हिवाळ्यात असं झालं, की घाट उतरून चिपळुणाच्या खाली वाडा पोचला आणि नेहमीच्या शेतात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शेताच्या मालकानं त्यात आंब्याची कलमं लावली होती. गुडघ्याएवढी, कोवळी, तांबूस पानांची.

"मामा, राग मानू नका," मालक कानकोंडा होऊन म्हणाला. "पण तुमच्या मेंढरांनी शेंडे खुडले तर माझी दहा वर्षं गेली."

"राग कशाचा?" सिद्धू म्हणाला. "झाड लावनं पुन्याचं काम. आमी म्होरं जातू."

म्हणायला तो म्हणाला, पण पुढं जायचं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मेंढ्या गाभण होत्या. काही वाटेतच व्याल्या होत्या, काही आज-उद्यावर आल्या होत्या. मागल्या साली गावाकडं पाऊस नव्हता, आणि त्या साली जन्मलेलं एकही कोकरू जगलं नव्हतं. आता ही कोकरं वाचली तर वाडा पुन्हा उभा राहणार, नाहीतर पुढल्या दिवाळीला कोकणात यायला मेंढरंच उरणार नाहीत. कोकरांना कोरडी जागा हवी होती, विसावा हवा होता, आणि तोही आता, लगेच.

शेजारपाजारची वावरं कुठं वालानं, कुठं कुळथानं भरलेली. विचारत विचारत वाडा खाडीच्या कडेनं खाली सरकला. इतकी वर्षं कोकणात येऊन सिद्धूनं समुद्र काही जवळून पाहिला नव्हता. घाटाखालच्या गावातच त्याचं भागायचं. दुसऱ्या दिवशी पहाट फुटता फुटता ते नांदखोल नावाच्या गावाशी पोचले, आणि सिद्धू थांबलाच.

समोर खाडीच्या काठाला सपाट, मोकळं, हिरवट रान पसरलं होतं. ना बांध, ना कुंपण, ना नांगराची रेघ. काठाकाठानं चिपीची झुडपं. मधून एक लहानसा वहाळ जात होता, त्यात घोटाभर पाणी, तेही खाडीकडं ओघळणारं. आणि रानाच्या वरच्या अंगाला, गावाच्या बाजूला, वाळलेल्या काड्यांची, नारळाच्या सोडणांची, पाल्यापाचोळ्याची एक लांबच लांब ओळ लागलेली.

"बघ अर्जुना!" सिद्धू हरखून म्हणाला. "कुनीतरी रान झाडून केर कडंला लावलाय. आपल्यासाठीच जागा सारवून ठिवल्यागत!"

"लय झ्याक हाय, आन्ना," अर्जुना म्हणाला. "पर इतकी चांगली जागा रिकामी कशी?"

"देवानं ठिवली म्हनून रिकामी."

वहाळ ओलांडून वाडा पलीकडं उतरला. हरणाबाईनं चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"आवं, हे रान खारट हाय."

"बरं मग! मेंढरांना मीठ इकत आनतो आपुन. हितं फुकट चाटत्याल."

"आनि खंड्या बसंना झालाय. बघा की, नुसता गरगर फिरतुया."

खंड्या खरंच बसत नव्हता. जमीन हुंगायचा, दोन उड्या मारायचा, वहाळाकडं तोंड करून भुंकायचा.

"त्याला माशांचा वास येत असंल," सिद्धू हसला. "कुत्र्याला इचारून मुक्काम ठरवाया लागलो तर झालंच!"

"व्हय, तुमी कुनाला इचारताय? नदी-वढा जवळ असला की वर कोरड्यात उतरावं, हे तुमीच सांगता."

"अगं, आभाळ बघ. ढगाचा ठिपका हाय का? घाटावर पाऊस न्हाई, हितं पाऊस न्हाई. पाऊस न्हाई तर पानी चढंल कुठनं?"

हरणाबाईचाही जन्म आटपाडीच्या माळावरच गेलेला. पाणी आभाळातून येतं, ओढ्यातून जातं, एवढंच तिकडचं शास्त्र. तिनं जाळीचं वाघर ठोकलं, व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरं आत घेतली. उतरल्या उतरल्या एक मेंढी व्याली, तिचं ओलं कोकरूही आत घेतलं. अर्जुना आणि बाकीचे बाया-बाप्ये मोठा कळप घेऊन डोंगराकडं चरायला गेले. जाऊ बनाबाईनं चुलीला तीन दगड मांडले. आणि सिद्धू मुंडासं नीट बांधून गावच्या देवळाकडं निघाला, रीतीप्रमाणं.

नशीब असं, की गावात उत्सव होता. पौषातली पौर्णिमा. देवळापुढं मांडव, आंब्याच्या डहाळ्या, पेटी आणि तबला लागलेला, आणि सकाळचं कीर्तन नुकतंच उभं राहिलेलं. बुवा उंच, सावळे, गळ्यात हार, हातात चिपळ्या. आवाज असा की पार खाडीपर्यंत जावा. सिद्धू मांडवाच्या कडेला बसला. घोंगडं मांडीवर घेतलं, आणि घाट उतरल्यापासूनचा शीण क्षणात उतरला. जागेचं काय, आरती झाली की पंचमंडळींना सांगू, नाही तरी मोकळं रान आहे. गाणं, बोलणं, मधेच हशा, पुन्हा गाणं. बुवांच्या बोलण्याला लोण्यासारखा गोडवा होता.

उन्हं मांडवाच्या मधोमध आली. बुवा पूर्वरंगाच्या शेवटाकडं आले होते. ते म्हणाले,

"लोक मला विचारतात, बुवा, देव दिसत नाही, मग मन त्याच्याकडं धाव कशी घेणार? अहो, आज पौर्णिमा. आत्ता भरदिवसा चंद्र दिसतोय का कुठं? नाही! पण खाडीला विचारा. मी इथं बोलतोय आणि ती तिकडं धक्क्याच्या पायऱ्या चढतेय. ढग नाही, पाऊस नाही, कुणी बोलावलं नाही. न दिसणाऱ्या चंद्रासाठी एवढा समुद्र उठून चालू लागतो, आणि तुमचं ओंजळभर मन जागचं हलत नाही?"

"वा बुवा, वा!" सिद्धूच्या तोंडून निघून गेलं. काय दृष्टांत! न दिसणाऱ्यासाठी उठून चालणारं पाणी! त्याचे डोळे भरून आले. शेजारी एक म्हातारा बसला होता, त्याच्याकडं वळून तो हळूच म्हणाला, "काय बोलत्यात, न्हाई? पानी चालाया लागतं म्हनं!"

"तर हो," म्हातारा सुपारी कातरत म्हणाला. "आज मोठं उधाण आहे."

सिद्धूची मान डोलायची थांबली.

"बाबा, हे दृष्टांताचं पानी, का खरं पानी?"

म्हाताऱ्यानं अडकित्ता खाली केला. "म्हणजे? खरंच की. पुनवेला, अमावास्येला भरती मोठी. माध्यान्हीला खाजणात कमरेएवढं होतं."

"खाजन म्हंजी कुठलं?"

"ते काय, वहाळापलीकडचं सपाट रान. तो कचरा दिसतो ना ओळीनं, तिथवर पाणी येतं."

केर कडंला लावणारा समुद्र होता तर! हरणाबाई, बनाबाई, वाघरातल्या मेंढ्या, सकाळीच जन्मलेलं ते पायावर डुगडुगणारं कोकरू. त्यानं बुवांकडं पाहिलं. बुवांनी नुकते डोळे मिटून गजर धरला होता. जन्मात कधी कीर्तनातून उठला नव्हता तो. मांडीवरचं घोंगडं त्यानं एकदा घट्ट धरलं, आणि देवाला मनात म्हणाला, देवा, तू ये, पन मी चाललो.

आणि उठला. नुसता उठला नाही, माणसांच्या मधून वाट काढत निघाला. तबला थांबला. बुवांनी डोळे उघडले.

"काय हो मामा? आम्ही समुद्र उठवायला गेलो, आणि उठलात तुम्ही!"

मांडव हसला. सिद्धू मागं वळला.

"बुवा, तुमचा शबूद खोटा व्हनार न्हाई म्हनून उठलो! माजी कोकरं खाजनात हायती. बायामानसं हायती. आमी घाटावरली, आमाला हे पानी ठावं न्हवतं."

हसू एका क्षणात विझलं. म्हाताऱ्यानं अडकित्ता टाकला. बुवांनी चिपळ्या पेटीवर ठेवल्या, धोतर खोचलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मंडळी, उठा! आता कीर्तन खाजणात."

सगळा मांडव उतारानं धावला. सकाळी घोटाभर असलेला वहाळ आता छातीला लागेल एवढा फुगला होता, आणि उलट्या अंगानं, खाडीकडून डोंगराकडं वाहत होता. सिद्धूनं आयुष्यात पहिल्यांदा पाणी चढणीला जाताना पाहिलं. पलीकडं रानाचा रंगच बदलला होता, हिरव्याचं चकचकीत झालं होतं. आणि मधल्या एका उंचवट्यावर हरणाबाई उभी होती.

ती रडत नव्हती की ओरडत नव्हती. तिनं वाघर उपटून मेंढ्या उंचवट्यावर दाटीनं उभ्या केल्या होत्या. घोडीवरची भांडी फेकून देऊन पडशीत कोकरं कोंबली होती. दोन्ही बाजूंनी नुसती मुंडकी बाहेर. बनाबाईच्या कडेवर एक, हरणाबाईच्या पदरात एक. खंड्या पाण्यावर भुंकत होता, सकाळपासून सांगत होतो ना, असं म्हणत असल्यागत.

"आलासा व्हय!" ती पलीकडून ओरडली. "झाली का आरती?"

"न्हाई! अर्ध्यातनं उठलो!"

"आरं द्येवा," ती बनाबाईला म्हणाली, "मग पानी लयच चढलंय."

कोळ्यांच्या दोन होड्या आल्या. गावच्या पोरांनी हातात हात घालून वहाळात साखळी धरली. मेंढ्या मात्र पाण्यात पाऊल टाकीनात. कुणी शिंगं धरून ओढू लागलं, तसा सिद्धू पाण्यातूनच गरजला, "वढू नगा, गड्यानु! कोकरू म्होरं न्या, आई आपसूक येती!"

मग तसंच केलं. माणसं डोक्यावर कोकरं घेऊन पुढं चालली, कोकरं बें बें करू लागली, आणि मागून एकेक मेंढी नाक वर काढून पाण्यात उतरली. बुवा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. सकाळी जन्मलेलं कोकरू त्यांनी कीर्तनाच्या उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं, आणि त्याची आई त्यांच्या धोतराला तोंड लावून मागं येत होती. शेवटाला घोडी आली, घोडीची शेपटी धरून हरणाबाई आली, आणि सगळ्यांच्या आधी पार होऊन खंड्या अंग झाडत काठावर उभा होता.

एकही कोकरू गेलं नाही. भाकरीचं पीठ गेलं, एक तपेली गेली. चुलीचे तीन दगड कुठं गेले ते समुद्रालाच ठाऊक.

देवळामागं देवाचं शेत होतं. भात कापून मोकळं पडलेलं, उंचावर, कडेला गोड्या पाण्याची विहीर. देवळाचा गुरव म्हणाला, "मामा, हे रान खत मागतंय दोन वर्षं. बसवा इथं मेंढरं, कोकरं चालायला लागेपर्यंत. भात देवाच्या कोठारातला घ्या."

सिद्धू बुवांच्या पाया पडायला वाकला. "म्हाराज, मी कीर्तन मोडलं. जन्मात पयल्यांदा."

बुवांनी त्याला वर धरलं. त्यांच्या ओल्या उपरण्याला मेंढीचा वास येत होता. "मोडलं कुठं? देवळात पूर्वरंग झाला, उत्तररंग बाकी आहे. आता तो इथंच करू. बसा पुढं."

आणि उत्तररंग त्या भाताच्या शेतात झाला. ओली धोतरं कुंपणावर वाळत होती, पेटी आणि तबला चटईवर आले होते, आणि गजराच्या मधे मधे कोकरं आपला सूर लावत होती. अर्जुना डोंगरावरून कळप घेऊन आला, तो ही मंडळी बघून तोंड उघडं टाकून उभा राहिला. सिद्धू अगदी पुढं बसला होता, मांडीवर ते सकाळचं कोकरू घेऊन.

आरती झाली, तसा तो हरणाबाईकडं वळला. चेहऱ्यावर जुना रुबाब परत आला होता.

"बघितलंस? म्हनलो न्हवतो, जिथं कीर्तन हुतं तिथं जागा मिळतीयाच?"

हरणाबाईनं शेताच्या कडेकडं हात केला. "म्या कीर्तनाला इचारलं न्हाई," ती म्हणाली. "म्या त्याला इचारलं."

विहिरीच्या कठड्याशी खंड्या चारी पाय पसरून गाढ झोपला होता.