एकच प्याला कठड्याशी

ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाची हाक झाली तसे शलमोन मास्तर बाकावरून सर्वांआधी उठले आणि वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून बसले. ही त्यांची फार जुनी सवय. मंडळी म्हणे, म्हातारा मोठा भाविक. खरं कारण एकट्या मास्तरांना ठाऊक होतं. द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांना मिळून एकच असे, आणि मांगवाड्यातून आलेल्या भागुबाईच्या ओठांना लागलेला प्याला आपल्या ओठांशी येणार, या नुसत्या विचारानं त्यांना मळमळायचं. आजोबांची पाटीलकी बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेली, किळस तेवढी कोरडी राहिली.

आज मागं वळून पाहिलं, तर भागुबाईची जागा रिकामी.

"भागुबाई कुठंय?" त्यांनी शेजारच्या पुंजाला हळूच विचारलं.

"तापानी पडलीय. काय खरं नाय म्हणत्यात."

प्याला आला. मास्तर पहिले प्यायले. थोड्या वेळापूर्वी याच तोंडानं त्यांनी उपदेश केला होता, पश्चात्ताप उद्यावर टाकू नका. त्यांनी स्वतः मात्र दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात देवाकडून पुढच्या वर्षाची मुदत मागून घेतली होती, आणि देव काही बोलत नाही म्हणजे त्यानं दिली, असं धरून चालले होते. त्यांना स्वतःचीच शिसारी आली. आजच जायचं, तिच्यासमोर सगळं कबूल करायचं आणि तिच्याच पेल्यातून पाणी प्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण देवळातून निघाल्यावर आधी पंचांची बैठक झाली. मग जेवण. जेवणावर जरा पडणं आलंच.

उन्हं कलताना ते पोचले, तेव्हा दाराशी बायका बसल्या होत्या. भागुबाईची सून कुसाबाई उठून पुढं आली.

"गेल्या, मास्तर. जेवणाच्या वक्ताला. तवर चांगल्या बोलत होत्या."

मास्तर उंबऱ्यावरच बसले. तोंडाला कोरड पडली होती.

"पाणी दे गं थोडं."

कुसाबाई हलली नाही.

"सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं. मास्तर कधी आलेच तर त्यांना पाणी इचारू नको. नाय म्हणाया त्यांना जड जाईल." मग ती म्हणाली, "देवळात त्या मुद्दाम मागं राहायच्या. तुमचं आधी होऊ द्यायच्या."

मास्तर उठून आत गेले. मयताच्या उशाशी भागुबाईचा पितळी पेला होता, त्यात अर्धं पाणी उरलं होतं. त्यांनी तो उचलला. ओठांशी येताच नेहमीची मळमळ नेहमीसारखीच वर आली. डोळे मिटून ते सगळं पाणी प्यायले.

कुसाबाईनं त्यांच्या हातून पेला घेतला. घरात मयत, दाराशी माणसं. पण ती ते सगळं सोडून अंगणात गेली, चुलीतली राख घेतली आणि तो पेला घासायला बसली.